पावसात ठेवलेल्या फळ्या

तोकुजी ओन्दा यांनी फळी टेबलावर ठेवली नाही. ती दोन्ही हातांवर आडवी धरून ते दारातच उभे राहिले.

“सेन्सेई, ह्यात किती हाय ते बघायचं हाय.”

“ठेवा ना इथे.”

“टेबल पुसलंय का?”

सकाळीच पुसलं होतं. तरी मी ओलं फडकं घेऊन पुन्हा पुसलं, वर कोरडं फिरवलं. त्यांनी वाकून टेबलावरून नजर टाकली आणि मगच फळी खाली ठेवली. त्या खोलीत येणारा प्रत्येक माणूस आपल्या वस्तूने टेबल खराब होईल या संकोचाने यायचा. टेबलामुळे वस्तू खराब होईल या भीतीने आलेले हे पहिलेच.

खोली म्हणजे किरिसावा गावच्या बंद पडलेल्या शाळेतला, वरच्या मजल्यावरचा विज्ञानाचा वर्ग. फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांचा अपघात होऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. गाव डोंगरात, बंद केलेल्या प्रदेशाच्या जरासं बाहेर. माणसं परत आली होती, पण मातीतून किंवा जंगलातून आलेली कुठलीही वस्तू तिच्यातलं किरणोत्सारी सीझियम मोजल्याशिवाय तोंडात घालत नव्हती. मी शहरातल्या विद्यापीठात संशोधन करत होते आणि आठवड्यातले दोन दिवस या खोलीत बसून लोक आणतील ते मोजून देत होते. तांदूळ, मुळे, अळंबी, एकदा तर रानडुकराचा पाय. माझं आडनाव कानडे. त्यांच्याकडे ‘कानादे’ हे मुलीचं नाव असतं, त्यामुळे म्हाताऱ्या बायकांना मी आडनाव सांगितलं की फार गंमत वाटायची. पण हाक मारताना सगळे सेन्सेईच म्हणत. तिथे मास्तर, डॉक्टर आणि यंत्राशेजारी बसणारी बाई, सगळ्यांना तीच हाक.

जपानी मी पुण्यात शिकले, पुस्तकातलं. ओन्दा-सान बोलत ती डोंगरातली बोली. माझं आजोळ वाईजवळचं, आणि त्यांचं बोलणं माझ्या कानाला पहिल्या दिवसापासून आजोळचं वाटत आलं. आज इतक्या वर्षांनी आठवतानाही ते मला तसेच बोलताना ऐकू येतात.

“कसलं लाकूड?” मी विचारलं.

“किरीचं. उचलून बघा.”

मी उचलली. अंगठ्याएवढी जाड फळी, पण हाताला वजनच लागेना.

“अख्खी फळी मोजता येत नाही, ओन्दा-सान. लिटरभराचा हा डबा आहे, तो भरेल इतकी सालपटं लागतील. वरचा थर रंध्याने काढून आणा.”

“म्हंजे मोजायचं तर खरवडायचं.”

“हो.”

“मुळ्याचं काय करता?”

“किसतो.”

“मुळा किसला तरी खाता येतो,” ते म्हणाले आणि फळी पुन्हा हातांवर घेऊन निघून गेले.

पुढच्या आठवड्यात ते सालपटं घेऊन आले. इतकी पातळ आणि सलग की डब्यात दाबून भरायला मला जिवावर आलं. ते सुतार होते हे तेव्हा कळलं. निकाल यायला वेळ लागतो, नंतर कळवते, असं सांगितलं तरी ते बसून राहिले. शाळेतल्या मुलांच्या बुटक्या स्टुलावर, गुडघे छातीशी.

“चार हजार शंभर बेक्वेरेल,” मी म्हटलं. “किलोमागे.”

“तांदळाला किती चालतं?”

“शंभर.”

“जळणाला?”

“चाळीस.”

“आन् कपाटाला?”

“कपाटाला नियम नाही.”

“जळणाला हाय आन् कपाटाला न्हाई?”

“जळणाची राख होते. लाकडातलं सगळं राखेत गोळा होतं, शंभर-दीडशे पट. कपाट कुणी जाळत नाही.”

“न्हाई,” ते म्हणाले. “कपाट कुणी जाळत न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. त्या भागात मुलगी झाली की घरामागे किरीचं झाड लावतात. किरी झपाट्याने वाढतो. मुलीचं लग्न ठरलं की झाड पाडायचं आणि तिच्या कपड्यांसाठी खणांचं कपाट करून ते तिच्यासोबत सासरी पाठवायचं. या लाकडात ओल शिरत नाही, कसर लागत नाही, खण ओढला की वाऱ्यासारखा येतो. ओन्दा-सानना एकच मुलगी, साएको. ती झाली त्या आठवड्यात त्यांनी झाड लावलं होतं.

“पर पाडलं की लगीच कपाट करता येत न्हाई,” ते म्हणाले. “लाकडात कडू पानी असतं. तसंच कापलं तर पुढं काळं पडतं. फळ्या पाडून अंगणात उभ्या करायच्या आन् दोन-तीन वर्सं पावसात, बर्फात ठेवायच्या. अधनंमधनं उलटायच्या. पाऊस धुऊन काढतो सारं. म्या म्हटलं, पोरगी पंचविशीची झाली, आज ना उद्या ठरंल. ठरंल तवा लाकूड तयार पायजे. त्या हिवाळ्यातच पाडलं.”

“कुठल्या हिवाळ्यात?”

“त्याच.”

अपघात मार्चमध्ये झाला. झाड डिसेंबरात पाडलेलं. सालं काढून, फळ्या करून, कुंपणाला टेकवून त्या अंगणात उभ्या होत्या. ढग डोंगरावर आले तेव्हा आधी पाऊस पडला, मग बर्फ. गावातली माणसं निघून गेली. फळ्या तशाच राहिल्या.

“झाड उभं असतं तर?” त्यांनी विचारलं.

“तर बहुतेक सगळं सालीवर बसलं असतं. आतलं लाकूड पुष्कळ स्वच्छ राहिलं असतं.”

त्यांनी मान हलवली. “घाई केली म्या.”

“घाई कसली? तुम्ही तर वेळेआधी तयारी केलीत.”

“तीच घाई,” ते म्हणाले. मग अंगठा पुढे करून त्याच्या जाडीकडे बघत राहिले. “आत कुठवर शिरलं असंल?”

“थर काढत जायचं आणि मोजत जायचं. तेव्हाच कळेल.”

“लगीन एप्रिलात हाय. ओसाकाला.”

“मग वेळ आहे.”

“वेळ हाय,” ते म्हणाले. “जाडीचं बघायचं.”

मी त्यांच्या घरी गेले ती मुखपट्ट्या आणि काळ्या पिशव्या द्यायला. सालपटं चुलीत घालू नका, हे मला समोर सांगायचं होतं, कारण किरीच्या सालपटांवर तिथे सगळं गाव चूल पेटवतं. ओन्दा-सान पडवीत काम करत होते. जपानी रंधा ढकलत नाहीत, स्वतःकडे ओढतात. दोन पावलं मागे सरत ते एका दमात फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येत, आणि रंध्याच्या तोंडातून फळीएवढं लांब सालपट निघून त्यांच्या पोटाशी गोळा होई.

“लाकूड ह्यांचं आन् कचरा माझा,” त्यांची बायको किनुए-सान पिशवीत सालपटं कोंबत म्हणाली. “चाळीस वर्सं हेच चाललंय, सेन्सेई. फरक एवढाच की आता कचऱ्याला कुलूप लावायला लागतं.”

“तोंडाला पट्टी लाव,” नवरा म्हणाला.

“लावली की तुमाला माझं बोलनं ऐकू येत न्हाई.”

“म्हणून तर.”

तिने मला आत नेलं, चहा दिला आणि पुढ्यात मुळ्याचं लोणचं ठेवलं. “घ्या बिनधास्त. तुमीच मोजलाय हा मुळा. आढळले नाही.”

‘आढळले नाही’ हा माझ्या निकालातला शब्द गावाने उचलला होता. कुणाच्या खिशात पैसे नसले तर आढळले नाही. दुपारी दुकानात दुकानदार नसला तर आढळले नाही. किनुए-सानच्या मते तिच्या नवऱ्याच्या डोक्यातला मेंदू तपासायला दिला असता तर माझ्या यंत्राने तेच छापलं असतं.

“तुमच्याकडं पोरीला काय देत्यात?” तिने विचारलं.

मी तिला रुखवताबद्दल सांगितलं. मुलीच्या हातचे फराळाचे जिन्नस, विणकाम, सुपारीची भटजी-भटजीणबाई, साखरेचा किल्ला, हे सगळं मांडवात मांडून ठेवतात आणि सासरच्या बायका येऊन नाव घेत घेत बघतात.

“साखरेचा किल्ला?” तिला ते फार आवडलं. “त्याचं पुढं काय करत्यात?”

“मुंग्या खातात.”

ती खूप हसली. मग म्हणाली, “तुमच्या लग्नात केलता?”

“माझं लग्न झालेलं नाही.”

“मग झाड तरी लावलंय का कुणी?”

“अगं, चहा दे तिला,” बाहेरून आवाज आला.

निघताना मी विचारलं, साएकोला कपाट कसं हवंय. किती खणांचं?

“पोरगी रविवारी फोन करती. कपाटाचं काढलं की म्हणती, बघू.” किनुए-सानने पिशवीची गाठ मारली. “कामात असती.”

दुसरा थर नऊशे निघाला. तिसरा दोनशे. चौथा साठ. प्रत्येक वेळी ओन्दा-सान निकालाआधी मोजपट्टीने फळीची जाडी सांगत आणि मी निकाल सांगे, जणू आम्ही दोघं एकाच हिशेबाच्या दोन बाजू मांडत होतो. दोन्ही अंगांनी काढायचं होतं, त्यामुळे फळी दुप्पट वेगाने उतरत होती. चार खणांचं कपाट आता तीन खणांचं झालं होतं. मग ते म्हणाले, मागची बाजू दुसऱ्या लाकडाची केली तर अडीच मिलिमीटर आणखी परवडतील. मला खरंच वाटू लागलं होतं की हे होणार. असं मला त्या खोलीत फार वेळा वाटलेलं नाही.

पाचव्या थराचा निकाल डिसेंबरात आला. त्याच दिवशी साएको आली. दोन दिवसांसाठी ओसाकाहून आली होती आणि वडील तिला घेऊन थेट शाळेतच आले. उंच, नीटनेटकी, एका दंतवैद्याकडे काम करणारी मुलगी. बोलणं स्वच्छ, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखं. मी पुण्यात शिकले तसलं जपानी गावात प्रथमच ऐकत होते.

“थांबा, निकाल सांगू नका,” ओन्दा-सान म्हणाले. “तुमच्यासाठी फळं आणलीत, गाडीतच राहिली. आलोच.” आणि ते खाली गेले.

त्यांची पावलं जिन्यावर ऐकू येत होती तोवर साएको काही बोलली नाही. मग म्हणाली, “काय आलाय निकाल?”

“आढळले नाही.”

तिने डोळे मिटले. मला वाटलं, आनंदाने.

“सेन्सेई, अजून थोडं आहे असं सांगता येईल का?”

“कशात?”

“लाकडात. अजून आहे, कपाट करण्यासारखं नाही. एवढंच सांगायचं. बाबा तुमचं ऐकतात.”

मी निकालाचा कागद टेबलावर ठेवला.

“होणाऱ्या सासरी मी सेंदाईची आहे,” ती म्हणाली. “पहिल्या भेटीत हिदेकीच्या आईने विचारलं, उत्तरेकडे नेमकं कुठे? फुकुशिमा म्हणवलं नाही, माझ्या तोंडून पलीकडच्या प्रांतातलं सेंदाई गेलं. मग तेच राहिलं. हिदेकीला माहीत आहे. तो म्हणतो, एक-दोन मुलं होऊ देत, ती धडधाकट आहेत हे आईला दिसू दे, मग सांगू. आता हे कपाट आलं तर कुठून आलं हे विचारणारच. बाबा सांगतील. छाती फुगवून सांगतील, झाड कधी लावलं ते, आणि वर तुमचा कागद दाखवतील, हे बघा, मोजून आणलंय.” तिने आवाज आणखी खाली आणला. “मोजून घेतलेलं कपाट कुणाच्या लग्नात येतं, सेन्सेई?”

“मला खोटा निकाल देता येणार नाही.”

“वाटलंच होतं.”

“तुम्ही वडिलांना सांगा. समजून घेतील.”

“काय सांगू? नको म्हणून?” तिच्या हातमोज्यांची तिने गाठ करून टाकली होती. “न्हाई यायचं मला ते. म्या न्हाई म्हणू शकत त्यास्नी.” त्या एका वाक्यात ती गावची झाली होती, आणि तिला ते कळलंही नसावं.

ओन्दा-सानना यायला वेळ लागला. पेटी घेऊन ते आत आले, ती खिडकीशी ठेवली, टोपी काढली.

“हं. आता सांगा.”

“आढळले नाही,” मी म्हटलं.

ते स्टुलावर बसले. टोपीने तोंड पुसलं. “आढळले नाही,” ते स्वतःशीच म्हणाले. मग लेकीकडे बघून, “तुझी आई म्हणती तसं. तुझ्या बापाच्या मेंदूवानी.”

साएको हसली. मग माझ्याकडे वळून तिने त्या स्वच्छ आवाजात विचारलं, “म्हणजे शून्य का, सेन्सेई?”

ती काय करत होती हे मला कळलं. मी काय उत्तर देणार हे तिला माहीत होतं.

“शून्य असं यंत्र सांगू शकत नाही,” मी म्हटलं. “किलोमागे दहाच्या खाली असलं तर या यंत्राला दिसत नाही. एवढाच त्याचा अर्थ.”

“म्हणजे दहाच्या खाली काहीतरी असू शकतं.”

“असू शकतं. पण त्याने कुणालाही काही—”

“असू शकतं की नाही, तेवढंच सांगा.”

“असू शकतं.”

ती वडिलांकडे वळली. “बघा, बाबा.”

ओन्दा-सान माझ्याकडे बघत नव्हते. लेकीकडे बघत होते, आणि बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

“असंल तर काढू की,” ते म्हणाले. “अजून जाडी हाय.”

“हो,” साएको म्हणाली. “अजून थोडं काढा.”

त्यानंतर ते दर आठवड्याला येत राहिले. बर्फाने रस्ता बंद झाला तेव्हा चालत आले. मी डबा भरायची, यंत्रात ठेवायची, आणि दर वेळी तोच निकाल. जाडी ते आता सांगत नव्हते. मीही विचारत नव्हते.

एकदा मी म्हटलं, “ओन्दा-सान, आता पुरे. माझ्या घरात असतं तर मी हे लाकूड डोळे मिटून वापरलं असतं.”

“तुमी वापरलं असतं,” ते म्हणाले. “पर पोरगी अजून थोडं म्हणती न्हवं?”

त्यांना खरं माहीत नाही, आणि ते सांगणारी मी कोण, या विचाराने मी गप्प बसले. फेब्रुवारीत त्यांच्या घरावरून जाताना आत डोकावले. पडवीत फळ्या खिडकीला टेकवून ठेवल्या होत्या. बाहेरचं ऊन त्यांच्यातून आरपार येत होतं, कंदिलाच्या कागदातून यावं तसं तांबूस, आणि त्यात लाकडाच्या रेषा शिरांसारख्या दिसत होत्या.

“आता कपाट न्हाई व्हायचं,” किनुए-सान म्हणाली. “पाकिटं व्हतील. ज्याला त्याला एकेक पाठवून देऊ.” ती हे बोलली नेहमीच्याच आवाजात, पण चहाचं विचारलं नाही आणि आत गेली ती बाहेर आली नाही. माझ्याकडे बघून ओन्दा-साननी एकदा मान लववली आणि रंधा पुन्हा ओढला.

मार्चच्या सुरुवातीला ते शेवटचे आले. या वेळी पिशवी मोठी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली. टेबल पुसलंय का हे विचारलं नाही.

“सारं हाय ह्यात,” ते म्हणाले. “फळ्या संपल्या.”

मी पिशवीचं तोंड उघडून आत पाहिलं.

“विद्यापीठात मोठं यंत्र हाय म्हणाला हुता तुमी. ह्याच्यापेक्षा बारीक दिसतं म्हणं.”

“हो. पण दोन-तीन दिवस ठेवावं लागतं.”

“ठेवा. कितीबी दिवस ठेवा.” ते बसले नाहीत. “पुढच्या म्हैन्यात आमाला सेंदाईचं व्हायचंय. ही रोज सेंदाईची बोली शिकती टीव्हीपुढं. मला सांगितलंय, तुमी त्या दिशी बोलूच नका. नुस्तं हसा.”

“तुम्हाला माहीत आहे?” मी म्हटलं. “साएकोने सांगितलं?”

“सेंदाईचं आता सांगितलं तिनं, आईला. पर मला ठावं हुतं.” त्यांनी खिडकीकडे पाहिलं. “त्या दिशी फळांची पेटी जड हुती. जिन्यात टेकलो हुतो जरा.”

बाहेर छपरावरचं बर्फ वितळून टपकत होतं.

“मग रंधा का मारत राहिलात, ओन्दा-सान? इतके दिवस?”

त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. “मोठ्या यंत्रात घाला. दिसलं पायजे.”

“दिसलं पाहिजे?”

“व्हय. न्हाई दिसलं तर काय सांगू तिला?”

त्या शुक्रवारी मी सालपटांचा गोळा घट्ट दाबून डब्यात भरला, विद्यापीठाच्या तळघरातल्या शिशाच्या भिंतींआड ठेवला आणि सोमवारपर्यंत कुणाला त्या यंत्राला हात लावू दिला नाही. सोमवारी आलेख पाहिला. सीझियमच्या जागी एक टेकाड होतं. इतकं लहान की मी ते तीन वेगळ्या पद्धतींनी तपासलं. तिन्ही वेळा ते तिथेच होतं.

मी ओन्दा-सानना फोन केला. ते म्हणाले, समोरासमोरच सांगा, येतो. दुपारी ते शाळेत आले, चांगला कोट घालून.

“आहे,” मी म्हटलं.

“हाय?”

“आहे. किलोमागे एकाच्याही खाली. शून्य पूर्णांक आठ.”

“पर हाय न्हवं?”

“आहे. पण ओन्दा-सान, एवढं तर कुठल्याही—”

“तेवढं नका सांगू, सेन्सेई,” ते म्हणाले.

त्यांनी पाठ कमरेतून वाकवली आणि इतका वेळ वाकलेली ठेवली की मला काय करावं सुचेना. जे मी सांगणार होते ते असं होतं. अपघाताचं सीझियम दोन प्रकारचं असतं, आणि त्यातला जो प्रकार फक्त तिथूनच आला असता तो या आलेखात दिसत नव्हता. जे दिसत होतं ते बहुधा आमच्या आई-वडिलांच्या तरुणपणी जगभर झालेल्या बाँबचाचण्यांची धूळ होती. ती मातीत मुरून सगळीकडच्या झाडांत चढली आहे. ओसाकातल्या कुठल्याही झाडात तेवढं निघालं असतं. वाईच्या माझ्या आजोळच्या फणसातही निघालं असतं.

त्यांनी खिशातून फोन काढला. तो उघडून, दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांपासून लांब नेऊन बटणं दाबली. मी उठून बाहेर जायला निघाले, तर त्यांनी हातानेच बसायला सांगितलं.

“साएको? मी हाय. न्हाई, सगळं बरं हाय. सेन्सेईंकडं आलोय. ऐक. तुझं बरोबर हुतं. हाय अजून त्यात. मोठ्या यंत्रावर बघितलं, तीन दिवस ठेवून. हाय म्हणत्यात. न्हाई, आता काढायला काय ऱ्हायलं न्हाई, फळ्याच संपल्या. कपाट न्हाई व्हायचं.”

त्यांनी फोन कानाशी आणखी दाबला.

“तुझा काय दोष त्यात?” ते म्हणाले. “लाकूडच तसं निघालं.” आणि मग, आवाज जरा चढवून, लाइन खराब असावी तसा, “अगं, लाकूडच तसं निघालं म्हणतोय न्हवं. तू कशाला रडतीस?”